चंद्रभागेच्या काठावरून तिवरांच्या रानात

(पंढरपूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



पंढरपुरात बसून खाऱ्या पाण्यातल्या जंगलावर बोलायचं म्हणजे तुम्हाला जरा विचित्रच वाटेल. आपल्याकडे पाऊस बेताचा, समुद्र घाटापलीकडे, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणींनी तो फक्त सिनेमात पाहिलेला. पण गेल्या थंडीत आपल्या गटांतल्या चौदा जणी वेंगुर्ल्याला जाऊन आल्या. मी त्यांच्याबरोबर होते. ज्यांना घरून सुटका मिळाली नाही त्यांनी मागं लागून लागून विचारलं, की ताई, तुम्ही नेमकं काय बघितलं ते सांगा. गेलेल्यांना विचारलं तर त्या म्हणतात, चिखल बघितला. ते खोटं नाही. पण त्या चिखलाबद्दल बरंच बोलता येईल.

सुरुवात आपल्या नदीपासून करते. निघायच्या आधीच्या बैठकीत मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं होतं, "ताई, आपल्या चंद्रभागंचं पानी पुढं कुटवर जातं वं?" साधा प्रश्न. पण खोलीतल्या एकीलाही उत्तर देता येईना. जन्म या पाण्यात गेला, लुगडी धुतली, पोरांना आंघोळी घातल्या, माणसांच्या अस्थी सोडल्या, आणि ते पाणी जातं कुठे हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मग शाळेतला नकाशा आणून जमिनीवर पसरला.

भीमा उगम पावते भीमाशंकरला, म्हणजे सह्याद्रीतच. तिथून समुद्र पश्चिमेला अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. पण ती पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. पुणे जिल्ह्यातून येऊन उजनीला अडते, मग पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. पुढे कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात जाते. तिथे, कृष्णेच्या मुखाशी, तिवरांचं मोठं जंगल आहे. ते १९८९ पासून अभयारण्य आहे, कृष्णा अभयारण्य याच नावाचं. म्हणजे आपली नदी संपते ती खारफुटीच्या पायाशी. आजींनी नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मंग आपलीच की ती झाडं."

आंध्रापर्यंत जाणं आपल्या ऐपतीतलं नव्हतं. कोकण जवळचं. म्हणून सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबोलीचा घाट, सावंतवाडी करत एसटीनं वेंगुर्ला गाठलं. जाण्यासाठी काय काय करावं लागलं ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याच्या जेवणाची सोय, सासूची मर्जी, म्हशीची धार. एका बाईनं तर घरात सांगितलं, देवदर्शनाला चालले. कोकणातला वेतोबा पाहिला असता तर तेही खरं झालं असतं. पण बाईमाणसाला देवाशिवाय घराबाहेर पडायला कारणच नसावं का, याचा विचार तुम्ही करा.

वेंगुर्ल्याला मांडवीची खाडी आहे. तिथे मच्छीमार घरांतल्या बायकांचा स्वामिनी महिला बचत गट २०१७ पासून होडीतून खारफुटी दाखवण्याचं काम करतो. होड्या वल्ह्याच्या. वल्हं बायकांच्याच हातात. पुरुष गाइड, पुरुष नावाडी आणि बाई चहा करायला, असली विभागणी तिथे नाही. लुगड्यावर नारिंगी जाकीट घालून आमच्या बाया होडीत बसल्या तेव्हा एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की काठावरचे बगळे उडाले.

आता जंगल. तुमच्या डोळ्यांसमोर जंगल म्हटलं की सागवान किंवा बाभूळबन येईल. हे तसं नाही. आपल्या जमिनीत मीठ फुटलं की काय होतं ते तुम्ही जाणता. उजनीच्या पाण्यावर उसाला पाणी पाजून पाजून कितीतरी शेतं खारवट झाली, पांढरी पडली, तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. आणि इथे मात्र झाडं दिवसातून दोनदा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बुडतात आणि हिरवीगार उभी असतात. ती कशी तगतात, ते बघायलाच आम्ही गेलो होतो.

तिवराच्या झाडाचं पान तोडून जिभेवर ठेवलं तर मीठ लागतं. मुळांनी जे मीठ आत घेतलं ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. कडक उन्हात पानावर मिठाचे बारीक कणसुद्धा दिसतात. त्याच्या भोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखे शेकडो कोंब वर आलेले असतात. ती मुळं आहेत, आणि वर वाढतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. कांदळाचं वेगळं. त्याला खोडापासून सुटलेल्या कमानीसारख्या मुळ्या असतात, तिपाईसारखा पाय रोवून ते उभं राहतं. भरतीचं पाणी त्या कमानींतून शिरतं आणि त्याचा जोर तिथेच मोडतो. पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसतो. झाड उभं राहिलं की जमीन तयार होते, जमीन झाली की झाड पुढे सरकतं.

कांदळाची आणखी एक गंमत. त्याचं बी जमिनीवर पडून रुजत नाही. ते झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब हिरवा कोंब फांदीला लोंबत असतो. पुरेसा वाढला की सुटतो, चिखल मऊ असेल तर भाल्यासारखा उभा घुसतो, पाणी असेल तर तरंगत जातो आणि दुसऱ्या काठाला लागून तिथे मूळ धरतो.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक पटकन म्हणाली, "म्हंजी लेक वाढवून मग सासरी धाडायची." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. पण मला या उपमांचा थोडा राग आहे, तो सांगून टाकते. झाड आई, नदी आई, गाय आई, धरणीमाता. एकदा आई म्हटलं की तिच्या कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि तिच्या अंगावर घाण टाकायलाही कुणाला वाईट वाटत नाही, कारण आई सोसतेच. आपल्या चंद्रभागेला आपण आई म्हणतो आणि गावाचं सांडपाणी तिच्यात सोडतो. कांदळ हे एक झाड आहे, हुशार झाड आहे, एवढंच म्हणावं.

चिप्पी म्हणून तिसरं झाड आहे. तिचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी गळतं. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्रानं राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. होडी ओहोटीला आत गेली तेव्हा चिखलावर खेकड्यांची पळापळ चालली होती, आणि निवटी नावाचा मासा, मासा असून, चिखलावर उड्या मारत होता. आमच्यातल्या माळकरणींनी त्याकडे कौतुकानं पाहिलं. बाकीच्यांनी तो कसा शिजवतात ते विचारलं.

या रानात मासळीची पिल्लं वाढतात. कोळंबी, खेकडे, कितीतरी मासे लहानपण या मुळांच्या आडोशाला काढतात आणि मग समुद्रात जातात. खाडीत तिवर राहिलं नाही तर समुद्रातल्या जाळ्यात मासळीही कमी येते. म्हणून या जंगलाची किंमत जळाऊ लाकडाच्या भावानं करायची नसते. वादळाचं तर विचारूच नका. कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमा म्हणून भाग आहे, तिथे १९ नोव्हेंबर १९७७ ला वादळानं समुद्र आत घुसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसात महावादळ झालं. सौदामिनी दास या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर तिथल्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा हिशेब मांडला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी मेली. २००९ मध्ये हा अभ्यास छापून आला. सरकारनं वेळेवर दिलेल्या इशाऱ्यानं त्याहून जास्त जीव वाचले असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मला ते आवडलं. झाडाच्या भक्तीपोटी आकडा फुगवला नाही.

आता 'संरक्षित' या शब्दाकडे येते. खरं तर त्याच्याचसाठी मी आज उभी आहे.

मुंबई-ठाण्याकडे पूर्वी खारफुटी म्हणजे डासांचं घर, पडीक जागा असं समजून भराव टाकत. मुंबईतल्या एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ ला आदेश दिला, की राज्यभर खारफुटीची तोड बंद, आणि खारफुटीपासून पन्नास मीटरच्या आत भराव आणि बांधकाम बंद. सरकारी जमिनीवरची खारफुटी वन म्हणून जाहीर करायलाही सांगितलं. २०१२ मध्ये वन खात्यात फक्त कांदळवनांसाठी वेगळा कक्ष झाला. आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालय म्हणालं, की खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, सरकार या संपत्तीचं मालक नसून विश्वस्त आहे. १९८७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १४० चौरस किलोमीटर कांदळवन होतं, २०१९ च्या अहवालात ३२०. उपग्रहाचे डोळे मधल्या काळात अधिक तीक्ष्ण झाले, तेव्हा सगळीच वाढ खरी धरू नये. तरी काही प्रमाणात जंगल वाचलं, वाढलं, हे मान्य करायला हवं. कायद्यानं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण कायदा झाला म्हणजे पहिल्यांदा कुणाचा हात धरला जातो? तिवराची वाळकी फांदी चुलीसाठी नेणाऱ्या बाईचा. खाडीकाठच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथून सरपण आणत. ओहोटीला कमरेइतक्या चिखलात उतरून कालवं फोडत, तिसऱ्या, मुळे वेचत, खेकडे धरत. घरातलं कालवण त्यावर होई आणि उरलेलं बाजारात जाई. ही मासेमारी कुठल्या कागदावर नाही. होडी पुरुषाच्या नावावर, जाळं पुरुषाचं, परवाना पुरुषाचा, डिझेलची सवलत होडीला. चिखलात वाकून टोपली भरणारी बाई मच्छीमार धरली जात नाही, ती नुसती मच्छीमाराची बायको. आपल्याकडे सात-बाऱ्यावर नाव नसलेली बाई जशी शेतकरी नसते, शेतकऱ्याची बायको असते, अगदी तसंच. अशा जागेवर उद्या 'प्रवेश मना' अशी पाटी लागली, तर बाईचं काय बुडालं हे मोजायला कुणी येत नाही. जे कधी मोजलंच नव्हतं ते बुडालं कसं म्हणणार?

वेंगुर्ल्यात जे झालं ते मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. राज्य सरकारनं २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण अशी एक योजना काढली. खेकडापालन, कालवांची शेती, पिंजऱ्यातली मासळी, निसर्ग पर्यटन, यांना अनुदान, आणि गावात कांदळवनाच्या व्यवस्थापनासाठी समिती. गटानं मिळून काम घेतलं तर नव्वद टक्के सरकारचे, दहा टक्के गटाचे. स्वामिनीच्या बायका होडी वल्हवत, बोट दाखवत, झाडांची नावं सांगतात तेव्हा वन खातं त्यांचा हात धरत नाही, उलट पाहुण्यांना त्यांच्याकडे पाठवतं. हा बदल कशानं झाला? कुठलं झाड कुठे आहे, पाणी कधी चढतं, कुठल्या फाट्यात होडी अडकेल, हे त्यांच्यासारख्या खाडीकाठच्या बायकांना आधीही माहीतच असतं. त्या माहितीला फक्त आता तिकीट लागलं.

तिकीट हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण त्याचीही मला धास्ती वाटते. पर्यटक आला तर मिळकत. पावसाळ्यात होडी बंद. करोनाच्या काळात पाहुणा येणंच थांबलं, तेव्हा पर्यटनावर चूल असलेल्या साऱ्या किनाऱ्यावर काय झालं ते आपण वारी बंद असताना इथे भोगलंय. शिवाय बाईचं ज्ञान शहरी माणसाला बघायला गंमत म्हणून विकलं गेलं तरच ते ज्ञान, नाहीतर नुसता चिखल तुडवणं, हेही मला पटत नाही. कालवं फोडणाऱ्या ज्या बायका कुठल्याही गटात नाहीत, ज्यांना पाहुण्यांशी शुद्ध मराठी बोलता येत नाही, त्यांचाही त्या खाडीवर हक्क आहे. एक गट उभा राहिला हे चांगलंच, पण त्या एका गटाचे फोटो छापून बाकीच्यांना विसरायला नको.

'संरक्षित' हा शब्द बाईच्या जिवावर कसा उठतो ते बघायचं असेल तर सुंदरबनाकडे बघावं. बंगालमध्ये आणि बांगलादेशात पसरलेलं ते जगातलं सर्वांत मोठं खारफुटीचं जंगल. तिथे वाघ आहे. मध आणायला, खेकडे धरायला आत गेलेला पुरुष वाघानं नेला, की मागे राहिलेल्या बाईला तिकडे वाघ-विधवा म्हणतात. तिला गाव अपशकुनी ठरवतं, नवरा खाल्लेली म्हणतं. आणि सरकारकडे भरपाई मागायला गेली तर सांगतात, तुझा नवरा मनाई असलेल्या भागात गेला होता, तो गुन्हाच होता, भरपाई नाही. कित्येक बायकांनी तर नवरा वाघानं नेला हेच लपवलं, वन खात्याची केस लागू नये म्हणून. शेवटी काही बायका कोर्टात गेल्या, आणि २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं भरपाईचे आदेश दिले, माणूस जंगलाच्या कुठल्या भागात मेला हे न बघता. त्याच सुंदरबनात बायका तासन्‌तास खाऱ्या पाण्यात कमरेइतक्या उभ्या राहून बारीक जाळ्यानं कोळंबीचं बी गोळा करतात. त्यानं अंगावरचे, बायकांचे आजार होतात. तेही कुठल्या हिशेबात नाही.

आणि दुसऱ्या बाजूला बघा. बुलेट ट्रेनच्या मार्गात आलेली सुमारे वीस हजार खारफुटीची झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी दिली. आधी ती पन्नास हजारांच्या वर जाणार होती, आराखडा बदलून कमी केली. सार्वजनिक हिताचा प्रकल्प म्हणून. मी रेल्वेच्या विरोधात नाही, एसटीत कंबर मोडून घेतलेली बाई रेल्वेच्या विरोधात कशी असेल! पण एका मोळीला गुन्हा म्हणायचं आणि वीस हजार झाडांना विकास म्हणायचं, यातला 'सार्वजनिक' कोण, हे विचारायला हवं. त्या सार्वजनिकात मोळीवाली येते का?

केरळात कल्लेन पोक्कुडन म्हणून एक दलित शेतमजूर होते. २०१५ मध्ये ते वारले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कण्णूर जिल्ह्यातल्या नदीकाठी त्यांनी स्वतःच्या हातानं खारफुटी लावायला सुरुवात केली, पुढे हजारो रोपं लावली. खारफुटीला तिकडे कंडल म्हणतात, आपल्या कांदळाचीच बहीण. त्यांना लोक वेडा म्हणाले. चिखलात राबणाऱ्या जातीच्या माणसाला चिखल कळतो, हे मानायला आपल्या समाजाला किती वर्षं लागतात! बाईच्या बाबतीत तर त्याहून जास्त.

आता घरी येऊ. आपल्याकडे खारफुटी नाही, पण चंद्रभागेचं वाळवंट आहे. तेही एक तऱ्हेनं संरक्षित आहे, हे तुमच्यातल्या किती जणींना माहीत आहे? वारीनंतर वाळवंटातली घाण माणसांच्या हातानं काढायला लावतात याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. २०१४ पासून न्यायालयानं एकामागून एक आदेश दिले. शौचालयं बांधा, वाळवंटात तंबू-राहुट्यांवर बंधनं घाला, नदी स्वच्छ ठेवा. वारकऱ्यांची सोय मग पलीकडे पासष्ट एकरांत झाली. २०१६ मध्ये सरकारनं नमामि चंद्रभागा जाहीर केलं. ही याचिका कुणासाठी होती, तर सफाई करणाऱ्यांसाठी. मैला हातानं उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि हे काम करणाऱ्यांत बायका किती, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको, काही जणी इथेच आहेत.

मग वाळवंट स्वच्छ ठेवायचं म्हटल्यावर पहिल्यांदा उठवलं कुणाला? घाटावर तुळशीच्या माळा, बुक्का, लाह्या घेऊन पाटीवर बसणाऱ्या बायकांना. नदीत मिसळणाऱ्या नाल्याचं तोंड तसंच राहिलं. वाळूचे उपसे रात्री चालायचे ते चाललेच. उजनीतून पाणी कधी सोडायचं हे ऊस ठरवतो, वारी ठरवते, नदी ठरवत नाही. त्या तिकडे कृष्णेच्या मुखाशी खारफुटीला गोडं पाणी आणि गाळ दोन्ही लागतं. वरच्या धरणांमागे दोन्ही अडकलं की खालचं जंगल कमजोर होतं. म्हणजे आजी म्हणाल्या तशी ती झाडं आपलीच असतील, तर त्यांच्या तोंडचं पाणी अडवणारेही काही अंशी आपणच आहोत. काठावर पाटी घेऊन बसलेली बाई नव्हे. कालवा कुठे जातो आणि कुणाच्या फडाला भिजवतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

जनाबाईचं नाव आपण घेतो. गोपाळपुरात तिचं जातं दाखवतात. दळण, कांडण, शेण, झाडलोट ही तिची कामं देवानं केली असं आपण भक्तिभावानं ऐकतो. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. बाईच्या कामाला काम म्हणायला साक्षात देवाला हात लावावा लागला. आणि कान्होपात्रा, मंगळवेढ्याची, गणिकेच्या पोटची. बिदरच्या बादशहानं बोलावलं तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायी प्राण सोडला, आणि तिला पुरलं तिथे तरटीचं झाड उगवलं अशी कथा आहे. देवळाच्या आवारातलं ते झाड सगळे पूजतात. ते कुणी तोडत नाही, त्याला वन खात्याची पाटी लागत नाही. कारण तिथे बाईचं नाव त्या झाडाला चिकटलेलं आहे. पण नाव चिकटायला तिला मरावं लागलं. आपण जिवंतपणी नाव लावून घ्यायचं बघू.

त्यासाठी दोन कायदे आपल्या बाजूनं आहेत. वेंगुर्ल्याहून आल्यावर मी ते काढून वाचले. एक, २००२ चा जैवविविधता कायदा. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची असते. तिच्यात नेमलेल्या सदस्यांपैकी निदान एक तृतीयांश बायका, आणि निदान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असायला हवेत. आपल्या भागातली झाडं, मासे, पाणवनस्पती, त्यांचे उपयोग, यांची लोकांनी सांगितलेली नोंदवही ही समिती करते. नदीत पूर्वी कुठला मासा मिळायचा, काठावर कुठली भाजी उगवायची, हे तुमच्या सासवांना विचारा. भोयांच्या बायकांना विचारा. पुण्याहून कुणी साहेब येऊन ते लिहिणार नाही. दुसरा कायदा २०१४ चा, पथविक्रेत्यांचा. गावात नगर पथविक्रेता समिती असायला हवी, तिच्यात निदान चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन दाखले मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. घाटावरच्या बायकांना याआधी उठवलं तेव्हा हा कलमाचा आधार कुणाच्या हातात नव्हता. आता झेरॉक्स काढून ठेवली आहे, मराठीत. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवू.

तर अर्ज दोन करायचे आहेत. पहिला नगरपालिकेला, जैवविविधता समिती आहे का, असेल तर तिच्यात बायका कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, एवढंच माहितीच्या अधिकारात विचारायचं. दहा रुपयांचं तिकीट लावावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्या बाईच्या नावानं अर्ज केला तर तेही नाही. दुसरा पथविक्रेता समितीसाठी, त्यावर घाटावर बसणाऱ्या प्रत्येकीचं नाव, वय, किती वर्षं बसते आणि काय विकते हे लिहायचं. ज्या वारीपुरत्या येतात त्यांचीही नावं घ्यायची. कुणी म्हणेल मी काय, मी तर नुसती लाह्या विकते, तर तिचं नाव आधी लिहायचं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. शाईचा डबा मी आणला आहे, तो त्या दाराशी ठेवला आहे. चहा झाला की रांगेनं या, आणि पाटी घाटावर ठेवून आलेल्यांना आधी सोडा, त्यांची विक्री चाललेली आहे.